यात तीळ आहे का?

नाताळच्या जेवणाला शेजारच्या आजींनी बोलावलं, तेव्हा मी लगेच सांगून टाकलं, "आधीचं खाणं माझ्याकडे." टर्की, भाजलेले बटाटे, पार्सनिप, ग्रेव्ही हे सगळं त्यांचं. टर्की कापून पानात येईपर्यंत लोक हातात ग्लास धरून उभ्या उभ्या जे तोंडात टाकतात, ते माझं. इथे त्याला निबल्स म्हणतात. कोथिंबीर वडी, छोट्या बाकरवड्या, पातळ पोह्यांचा चिवडा अशी माझी यादी घरी पोचायच्या आत तयार होती. संध्याकाळी आजींचा मेसेज आला. "थँक यू, लव्ह. प्रत्येक पदार्थात काय काय आहे ते लिहून पाठवशील? मसाल्यांसकट सगळं."

ते "मसाल्यांसकट सगळं" मला फार लागलं.

लीड्समध्ये आम्हाला नऊ वर्षं झाली. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं साधं पोटही दुखलेलं नाही. आमच्याकडे कराडला पाहुण्यापुढे ताटली ठेवली आणि त्याने "यात काय घातलंय?" विचारलं, तर त्याला पदार्थ आवडला असा अर्थ होतो. खायच्या आधी कुणी विचारत नाही. आधी विचारणं म्हणजे घरच्या बाईवर अविश्वास, असंच मी लहानपणापासून धरून चालले आहे.

शिवाय एक जुनं शल्य होतं. गेल्या वर्षी दिवाळीत आजींना फराळाचं ताट नेऊन दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, तोंडभर कौतुक केलं आणि माझ्यादेखत ते ताट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. चार दिवसांनी गेले तेव्हा पिशवी तिथेच होती, गाठही तशीच. मी कुणाला बोलले नाही. पण चकल्यांसाठी दोन रात्री जागले होते, ते वर्षभर विसरले नाही.

तरी लिहायला बसले. मिसळणाचा डबा, फ्रीजमधल्या बाटल्या, पिठांच्या पिशव्या सगळं ओट्यावर मांडलं. आणि मग पहिल्यांदाच त्या पाकिटांवरची ठळक अक्षरं नीट वाचली. ज्यांची अ‍ॅलर्जी होऊ शकते अशा चौदा गोष्टींची नावं इथल्या कायद्याने पाकिटावर उठून दिसतील अशी छापावी लागतात: गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, कालवं-शिंपल्या, सोयाबीन, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सेलरी नावाची भाजी, ल्युपिन नावाचं कडधान्य, खाणं टिकवायला घालतात ते सल्फाइट. आणि उरलेली तीन म्हणजे शेंगदाणे, तीळ आणि मोहरी.

मोहरी! हे वाचून मी खुर्चीतच बसले. आपली फोडणी मोहरीनेच सुरू होते. चिवड्यात शेंगदाणे, चकलीत तीळ, बाकरवडीच्या सारणात तीळ. कोथिंबीर वडीत आई दाण्याचं कूटही घालते आणि वरून तीळही. एवढ्यावर भागलं नाही. हिंगाच्या डबीवर ठळक अक्षरांत गहू लिहिला होता. आपण हिंग म्हणून वापरतो ती पिवळी पूड नुसता हिंग नसतेच, तो पिठात मिसळलेला असतो. इतकी वर्षं चिमूटभर हिंग घालताना मी आमटीत गहूही घालत होते आणि मला पत्ता नव्हता.

राहिली आईची चटणी, म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला. दरवर्षी भावाच्या नाहीतर दिराच्या बॅगेतून येतो, तीन पिशव्यांत गुंडाळून. त्यावर लेबल कुठलं? फोन केला.

"आई, चटणीत तीळ असतो का गं?"

"असणारच की. तिळाशिवाय चटणी होते होय? का गं, काय झालं?"

सगळं सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मोहरी बाधते? कुणाला बाधते?" तिचा आवाज दुखावलेला होता. मला तिचं पटत होतं. आणि तिचं पटतंय म्हणून मला आजींचा आणखी राग येत होता.

दुसऱ्या दिवशी यादी कागदावर लिहून मी स्वतःच घेऊन गेले. आजींनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. मग सांगितलं. नऊ वर्षांच्या नातवाला शेंगदाणे आणि तीळ अजिबात चालत नाहीत, इंजेक्शन कायम त्याच्या दप्तरात असतं. सुनेला सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, त्यामुळे गव्हाचा कणही नको. दर शनिवारी नातू आजीकडे असतो. दिवाळीचं ताट वरच्या फळीवर गेलं ते त्याचा हात पोचू नये म्हणून. "चकल्या मी खाल्ल्या," त्या म्हणाल्या. "तो घरी गेल्यावर. प्रत्येक वेळी गाठ पुन्हा बांधत होते."

मला काही बोलता आलं नाही.

इथल्या लोकांचा तिळाबद्दलचा धसका कुठून आला, हे मी घरी येऊन वाचलं. जुलै २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूझ नावाची पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून विमानाने फ्रान्समधल्या नीसला निघाली होती. विमानतळावर तिने बॅगेट सँडविच घेतलं. त्याच्या पिठातच तीळ मळलेला होता. वरून दिसत नव्हता आणि वेष्टणावर लिहिलेला नव्हता. तिळाची अ‍ॅलर्जी असलेली ती मुलगी त्या प्रवासातून परत आली नाही. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा बदलून घेतला. १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात तयार करून तिथेच बांधून ठेवलेल्या प्रत्येक खाण्यावर आतल्या सगळ्या घटकांची यादी छापावी लागते. लोक या कायद्याला नताशाचा कायदा म्हणतात. घरी रांधणाऱ्याला तो लागू नाही. मला कुणी नोटीस धाडणार नव्हतं. पण "तीळ" म्हटलं की मला हलव्याचे दागिने आणि आजोबांच्या हातावर ठेवलेला तिळगूळ आठवतो, आणि त्याच शब्दावर इथे एका आईची छाती दडपते, हे त्या रात्री डोक्यातून जाईना.

तरी एक गोष्ट ठासून सांगते. आपल्याकडे विचारत नाहीत, असं कुणी म्हणू नये. "आज उपास आहे का?", "कांदा-लसूण चालतो ना?", "तुमच्यात चातुर्मासात वांगं खात नाहीत ना?" हे आपल्या बायका पान वाढायच्या आधी विचारतात. लग्नात जैन पंगतीचा स्वयंपाक वेगळा होतो आणि त्याचा झारासुद्धा दुसऱ्या पातेल्यात जाऊ देत नाहीत. वेगळं शिजवायची, भांडं न मिसळायची शिस्त आपल्याला कुणी शिकवायला नको. भारतातल्या पाकिटांवरही शेंगदाणे, गहू, दूध, सोयाबीन यांची नावं जाहीर करावी लागतात. मोहरी आणि तीळ त्या यादीत नाहीत, इतकंच. आपण व्रताची चौकशी करतो, हे लोक शरीराची करतात. माझी आई या शर्यतीत आजींच्या मागे नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे.

मग ठरवायचं काय? इथल्या बायका नाताळचे निबल्स कसे निवडतात, तेही आजींनीच समजावलं. सकाळपासून ओव्हन टर्कीच्या ताब्यात असतो, म्हणून आयत्या वेळी गरम करावं लागेल असं काही ठेवायचं नाही. पुढे जेवण जड, म्हणून आधी हलकं. एका हाताने खाता यावं, दोन घासांत संपावं, गालिच्यावर चुरा पडू नये. म्हणून तर लोक ब्लिनीवर, म्हणजे छोट्या धिरड्यावर, स्मोक्ड सामन मासा ठेवतात, कोळंबीचं कॉकटेल करतात, चीजच्या काड्या करतात. बेकनमध्ये गुंडाळलेले सॉसेज त्यांचे लाडके, ते आमच्या घरात चालत नाहीत, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. हे सगळे नियम लावून पाहिलं तर कोथिंबीर वडीच पास होते. गार झाली तरी चांगली लागते, दोन घासांची असते आणि बेसनात मुळात गहू नसतोच.

मुळात नसतो, पण गिरणीत येतो. माझ्या घरातल्या बेसनाच्या पिशवीवर "गहू, मोहरी, शेंगदाणे यांचे अंश असू शकतात" असं बारीक अक्षरांत होतंच. तीन दुकानं फिरून ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बेसन मिळालं. कर्कगेट मार्केटमधून कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या. लाल तिखटाचं आणि हळदीचं नवं, सीलबंद पाकीट घेतलं. जे लागेल ते २४ तारखेआधीच आणावं लागतं, कारण नाताळच्या दिवशी २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायला २००४ पासून कायद्यानेच बंदी आहे, आणि त्या दिवशी इथे रेल्वेही धावत नाही.

सामान आलं आणि मी माझ्याच स्वयंपाकघराकडे बघत उभी राहिले. मिक्सरच्या भांड्यात नऊ वर्षं दाण्याचं कूट झालंय. कढईत किती फोडण्या झाल्या. विळीच्या पात्याच्या सांध्यात काय काय असेल. कितीही घासलं तरी मी छातीवर हात ठेवून "नाही" म्हणू शकले नसते. आजींना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग इकडे ये ना. चोवीसला. मला सोबत होईल."

तर २४ डिसेंबरला दुपारी मी त्यांच्या ओट्याशी उभी होते. पावणेचारलाच बाहेर अंधारलं होतं. आजी टेबलाशी बसून ब्रसेल्स स्प्राउट्सच्या देठांवर सुरीने फुली मारत होत्या, एकेक करून. मी कोथिंबीर चिरली, बेसन, थोडी तांदळाची पिठी, आलं-मिरची, जिरं, हळद घालून मळली आणि वळकट्या केल्या. वाफवायला चाळणी शोधत होते, तेव्हा त्यांनी एक मोठं पातेलं पुढे केलं. ते नाताळच्या पुडिंगचं. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचे सुमारे चार आठवडे, त्याच्या आधीच्या रविवारी पुडिंग कालवायचं, तासन् तास वाफवायचं, मग जपून ठेवून नाताळला पुन्हा वाफवायचं, ही इथली रीत. मोदकपात्राचा मोठा भाऊच तो! कागदाची टोपी घालून, दोऱ्याने गळा आवळलेलं पुडिंग ओट्याच्या कोपऱ्यात उद्याची वाट बघत होतं.

"हे पण बदललं," त्या पुडिंगकडे बोट दाखवत म्हणाल्या. पुडिंगात सूएट घालतात, म्हणजे जनावराची चरबी. दुकानात ती किसून मिळते आणि किसाचे दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून गव्हाच्या पिठात घोळलेली असते. सून घरात आल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं. मग सूएट बदललं, ब्रेडचा चुरा बदलला, आणि आईकडून आलेल्या कृतीच्या कागदावर खोडून नवं लिहिलं. तो कागद त्यांनी मला दाखवला. पिवळा पडलेला, तेलाचे डाग असलेला, जुन्या वळणदार शाईवर त्यांच्या पेन्सिलीच्या दोन रेघा.

माझी हिंगाची डबी आणि त्यांचं सूएट. मी त्यांना हिंगाचं सांगितलं. त्या इतक्या मनापासून "ओह, लव्ह!" म्हणाल्या की मला रडूच आलं.

वड्या त्यांच्याच तव्यावर रेपसीडच्या तेलात परतल्या. रेपसीड म्हणजे मोहरीच्याच कुळातलं; मे महिन्यात यॉर्कशरची शेतं त्याने पिवळी होतात, तेव्हा मी दरवर्षी गाडी थांबवून बघते. फोडणी नव्हती. तीळ, कूट, हिंग काही नव्हतं. चव घेतली. आईच्या वडीसारखी नव्हती, हे मी कबूल करते. थोडं जास्त आलं आणि लिंबू घातलं, तेव्हा कुठे ती वडी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट फिरलं. नातवाने वडी उचलली नाही. सवयीने आधी आईकडे पाहिलं आणि विचारलं, "यात तीळ आहे का?" सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही. तुझ्या आजीच्या घरातच केल्यात, तिच्या पातेल्यात." त्याने एक खाल्ली. मग थेट ताट घेऊन सोफ्यावर बसला आणि पाच वड्या संपवल्या. सुनेनेही चार घेतल्या. एरवी दुसऱ्यांनी आणलेल्या ताटातलं ती काही घेतच नाही, असं म्हणाली. जेवणाच्या शेवटी फळांच्या केकबरोबर वेन्सलीडेल चीज आलं, ही खास यॉर्कशरची पद्धत, पण माझं लक्ष त्या रिकाम्या ताटाकडेच होतं.

रात्री आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. विमानाचं भाडं परवडत नाही म्हणून यंदा डिसेंबरात आलो नाही, असं तिला सांगितलंय. ते खरंच आहे. पण लेकीला इथला नाताळ इथल्या घरात मिळावा, हेही मला हवं होतं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. आईने त्यातलं काही काढलं नाही. तिने वड्यांचा रंग पाहिला, "जरा फिक्या दिसतायत," म्हणाली, आणि मग विचारलं, "आता संक्रांतीला त्या पोराला काय देणार गं?"

नारळाच्या वड्या करायचं ठरलंय. खोबरं त्या चौदांत नाही, तरी आजींना आधी विचारलंय. तूप, साखर, वेलची सगळं नव्या पाकिटातलं. १४ जानेवारीला दुपारी, त्यांच्याच ओट्यावर.