हिडकलवरचा गळ काळीच्या मुखावर

बेळगावहून समुद्र गाठायचा तर चोर्ला आहे, आंबोली आहे. पण खाऱ्या पाण्यात गळ टाकायला शिकायचं म्हणून निघत असाल तर आम्ही कारवारची वाट सांगतो: खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा आणि पुढे काळीच्या काठाने कारवार. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडं वर, पण घाट आणि वळणं धरून चार-साडेचार तास हातात ठेवायचे. अणशीचा पट्टा काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि अंधारात गवे रस्त्यावर येतात. म्हणून पहाटेच्या काळोखात घाट उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी सकाळी निघून दुपारी कारवारात पोचलेलं बरं. रात्रीच्या मुक्कामाचे पैसे जातात खरे, पण ती दुपार वाया जात नाही. कशी ते पुढे येईलच.

कारवारच का? एकाच गावात चार प्रकारचं पाणी मिळतं. काळी नदीचं मुख आहे, शहरासमोरचा उथळ, आडोशाचा उपसागर आहे, माजाळीला लाटांचा वाळूकिनारा आहे आणि त्याच्या पलीकडे तीळमातीच्या बाजूला खडक. दक्षिणेला आर्गा-बिणग्याकडे मात्र नौदलाचा तळ आहे, तिकडे गळ घेऊन फिरायचं नाही. बैतकोल बंदरातही जेटीवर उभं राहण्याआधी विचारून घ्यायचं. तिथे बोटींची ये-जा चालू असते आणि दोरी पंख्यात गेली तर भांडण ठरलेलं.

हिडकल, नविलतीर्थ या धरणांवर किंवा मलप्रभेच्या डोहांवर मासेमारी केलेला माणूस जागा शोधण्यात पटाईत असतो. बुडालेलं झाड, ओढा मिळतो ते तोंड, बांधाची सावली. जागा सापडली की कणकेचा गोळा लावून बसायचं, कटला-रोहू येतील तेव्हा येतील. समुद्रावर हीच सवय नडते. तिथे पाणी चालत असताना मासा खातो आणि पाणी थांबलं की तोंड मिटतो. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला दीड-दोन तास, एवढाच कामाचा वेळ. मधल्या थांबलेल्या पाण्यात तासभर बसून ‘इथे मासाच नाही’ म्हणणारे बहुतेक आपल्याच भागातले असतात.

वेळ काढायची जुनी रीत पंचांगातली आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. कारवारात पूर्ण भरती यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधीच येते, त्यामुळे हा नुसता तारीख ठरवण्याचा हिशेब समजा आणि नेमकी वेळ मोबाइलवर कारवारच्या भरतीच्या तक्त्यात बघा. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आमच्या मते शिकणाऱ्याला एकादशी ते त्रयोदशी सोयीची: पहाटेपासून पाणी चढत असतं आणि आठ-नऊच्या सुमारास भरतं. उधाणाच्या ऐन दिवशी मुखावर ओढ फार, आणि अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं, कारवारात दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे इथली भरती अंगावर येत नाही, पण खडकावरून परतायची वाट मात्र बंद करते.

आता ती दुपार. एकादशीला सकाळी आठच्या आसपास भरती असेल तर दोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. जेवण उरकून कोडीबागच्या बाजूने काळीच्या मुखाकडे जायचं आणि गळ न काढता नुसतं बघायचं. वाळूचा दांडा कुठे वर आलाय, त्याच्या आतून नदीची खोल धार कुठून जाते, कालवं चिकटलेले दगड कुठे आहेत. मोबाइलवर फोटो काढून त्यात समोरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरायचा. दुसऱ्या दिवशी हे सगळं पाण्याखाली असणार आणि मासा त्या धारेच्या कडेनेच वर सरकणार. धारेत कमरेइतक्या पाण्यात उतरायचं मात्र नाही. ओहोटीला ती बाहेर ओढते आणि वाळूची कड पायाखालून एकदम सुटते. जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला, त्या भागात तर जाऊच नका. शिसंही अडकेल आणि ओढही वेडीवाकडी आहे.

सामानाचं बोलू. तलावावरचा सात फुटी रॉड आणि २५०० नंबरचा, म्हणजे लहान आकाराचा, रील खाडीत चालतो, लाटांच्या किनाऱ्यावर तोकडा पडतो. तिथे नऊ-दहा फुटी, ४० ते ८० ग्रॅम फेकणारा रॉड आणि ४००० किंवा ५००० चा रील घ्या. लांबी दूर फेकण्यापेक्षा दोरी फुटणाऱ्या लाटेच्या वर राहावी म्हणून लागते. दोरी २० ते ३० पौंडाची ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली. स्पूलवर (दोरी गुंडाळते त्या रिळावर) आधी आठ-दहा वेढे साध्या तंगूसचे, म्हणजे एकेरी नायलॉन दोरीचे, द्या, नाहीतर ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर अख्खीच्या अख्खी फिरते आणि मासा लागल्यावर ‘ड्रॅग (ओढ वाढली की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला’ असं वाटतं. स्पूल काठापासून दोन मिलिमीटर खालीपर्यंतच भरा. जास्त भरली की वाऱ्यात गुंता होतो. तो टाळायला फेकल्यावर बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, आणि एकदा दोरी ताणून घ्या.

ब्रेडेड दोरी थेट गळाला कधी बांधू नये. कालवांवर एकदा घासली की संपली. पुढे दीड मीटर ०.५० मिलिमीटरची तंगूस लीडर, म्हणजे गळाआधीचा घासणं सोसणारा तुकडा, म्हणून हवी. लाटांच्या किनाऱ्यावर जड शिसं जोराने फेकायचं असेल तर लीडर रॉडच्या दुप्पट लांबीचा ठेवा, म्हणजे फेकताना त्याचे दोन-चार वेढे रीलवर राहतात आणि झटका तो खातो. जोडायला डबल युनी गाठ पुरते: तंगूसचे पाच वेढे, ब्रेडेडचे आठ. थुंकीने ओली करून सावकाश आवळायची. तलावात सगळे वापरतात ती साधी पिळाची गाठ ब्रेडेडवर सरकते, आणि सरकते तीही नेमकी मोठ्या माशाला.

खाडीसाठी एकच मांडणी आधी पक्की करा. लीडरमध्ये मधून भोक असलेलं ४० ग्रॅमचं शिसं ओवायचं, मग प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल (फिरती कडी). मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून ती चेचतं. स्विव्हलच्या पुढे ४५ ते ५० सेंटिमीटर तंगूस आणि १/० नंबरचा सर्कल (टोक आत वळलेला) गळ. मासा आमिष घेऊन निघतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन कळत नाही. सर्कल गळाला हिसका द्यायचा नसतो. मरळीला हिसका मारण्याची सवय इथे सोडावीच लागते, कारण हिसक्याने तो गळ सरळ तोंडाबाहेर येतो. रॉड खाली ठेवून दोरी ताठ होईपर्यंत नुसतं गुंडाळत राहायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. दगडाच्या जागी शिसं मुख्य दोरीत न ओवता कमजोर दोऱ्याने लटकवा. अडकलं तर दोरा तुटतो, गळ आणि मासा वाचतो. शिशाऐवजी गॅरेजमधले जुने नटही चालतात.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून ओढायचा. २० पौंड म्हणजे नऊ किलोच्या दोरीला अडीच ते तीन किलोवर दोरी सुटायला हवी.

वाळूकिनाऱ्यावर शिकायला मुडदुशी सगळ्यात बरी. लहान असते, पण तोंड लागलं की टकटक स्पष्ट कळते. हिच्यासाठी शिसं टोकाला, ४० ते ६० ग्रॅमचं, पिरॅमिडच्या आकाराचं. गोल शिसं लाटेबरोबर वाळूवर लोळत किनाऱ्याला येतं. शिशाच्या वर ४० सेंटिमीटर अंतराने दोन फाटे, प्रत्येकी १५ सेंटिमीटरचे, ६ किंवा ८ नंबरचे गळ. १/० च्या उलट, या नंबरांत आकडा वाढला की गळ लहान होतो. आणि लांब फेकू नका. माजाळीला नवखा माणूस सगळी ताकद लावून ऐंशी मीटरवर फेकतो आणि मुडदुशी असते पंधरा-तीस मीटरवर, पहिल्या लाटेच्या मागच्या चरात. थोडं फेकायचं, शिसं वाळूवरून हळूहळू ओढत आणायचं, मध्ये थांबायचं.

आमिष म्हणजे कोळंबी. कणकेचा गोळा खाऱ्या पाण्यात दोन मिनिटं टिकत नाही, लहान मासेच पोखरून टाकतात. मासळी बाजारात ‘मावशी, गरीला पाहिजे, आमटीला नको’ असं सांगितलं की मोठ्या महागड्या कोळंबीऐवजी बोटाएवढी ताजी पुढे येते. दोन रॉडना सकाळभर पाव किलो पुरते. बर्फावर ठेवा, पण बंद पिशवीत. वितळलेल्या पाण्यात भिजली की मऊ होऊन फेकतानाच गळावरून उडते. त्यावर दुसरा उपाय आहे: कोळंबी सोलून जाड मिठाच्या थरात रात्रभर डब्यात ठेवायची, सुटलेलं पाणी सकाळी ओतायचं. मांस चिवट होतं, गळावर बसतं. गळ शेपटीकडून आत घालून पाठीतून बाहेर काढा, टोक मात्र उघडं राहू द्या. टोक मांसात दडलं तर सर्कल गळ लागत नाही. तारलीचा तुकडा वासाला भारी, पण शेंगाळा आणि केंड जास्त ओढतो.

केंडाचा ताप सांगून ठेवतो. आमिष गायब, दोरी सुरीने कापल्यासारखी, आणि पुन्हा तेच. असं झालं की केंडांचा थवा आहे हे समजायचं. तारा लावून झुंजत बसण्यापेक्षा शंभर पावलं सरका. लागलाच तर सोडून द्या, केंड विषारी असतो, खायचा नाही. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन काटे असतात, हाताने न धरता पक्कडीने गळ काढा. काटा टोचलाच तर बर्फ नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवला की वेदना उतरते, आणि मग डॉक्टर. वाघळी किंवा समुद्री साप लागला तर तिथेच दोरी कापा.

मुडदुशी जमली की तांबोशी आणि चोणकाकडे वळावं. दोन्ही खाडीत, दगडांच्या आणि कांदळाच्या कडेने. तांबोशी आमिष घेताच बिळाकडे धावते, पहिले पाच सेकंद तिला दोरी दिली की लीडर कालवांवर घासून तुटलाच. इथे ड्रॅग थोडा कसून ठेवावा लागतो. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, म्हणून लीडर ०.६० मिलिमीटरच्या खाली नको. मरळीचे नकली मासे त्याला चालतात, ९ ते १२ सेंटिमीटरचे, पण त्यांचे तीनतोंडी गळ आधी बदला. गोड्या पाण्याचे बारीक गळ चोणक सरळ करतो, आणि एका सकाळीत गंजतातही. चोणक आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा चोणक बहुधा अंडी देणारी मादीच. एक फोटो काढून तो सोडावा असं आमचं मत आहे. पटत नाही ते लोकही आमच्यातच आहेत.

हंगाम ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. काठावरून गळ टाकायलाही त्या दिवसांत समुद्र लायक नसतो, आणि कद्रा धरणातून पाणी सुटलं की मुखाशी गढूळ गोडं पाणी भरतं. घाट उतरताना कद्र्याला नदीचा रंग बघून घ्या. लाल असेल तर मुख सोडा आणि माजाळी धरा. थंडीत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे पाठीमागून, फेकायला मदत करणारा. दुपारी तो उलटतो आणि मार्च-मेमध्ये जोर धरतो. मग हलकं शिसं समोर फेकलं तरी मागे येतं. खडकावर चढण्याआधी पंधरा मिनिटं बाजूला उभं राहून लाटा बघा. खडक ओला दिसला म्हणजे एखादी मोठी लाट तिथवर येते, मग समोर पाणी कितीही शांत असो.

परतीचा प्रवास लांबचा आहे, म्हणून मासे तिथेच आतडी काढून घ्या आणि बर्फ माशांच्या वजनाइतका घ्या, थर देऊन. डब्याची तोटी उघडी ठेवा, पाणी साचू देऊ नका.

आणि रील. तलावावरून आल्यावर तो कोपऱ्यात उभा करता येतो, इथून आल्यावर नाही. मुक्कामाच्या नळावरच ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे त्याच्या चकत्यांत पाणी जात नाही, आणि अंगावर हलकी धार सोडा. बादलीत बुडवायचं नाही, जोराचा फवाराही नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसून ड्रॅग सैल करून वाळवा. दोरी ज्यावरून वळते त्या बारीक रोलरला तेलाचा एक थेंब द्या, आधी तोच जाम होतो, आणि जाम रोलरवर ब्रेडेड दोरी आठवड्यात फुलून येते. रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडं चिरलंय, पुढच्या खेपेआधी बदला. लीडर आणि गळ मात्र ठेवू नका, कापून टाका. दोन मीटर तंगूस वाचवून कुणी श्रीमंत होत नाही.