पंधरा वॉटांत विंडोज की स्टीमओएस?

हॅण्डहेल्ड पीसीवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या संगणकावर, विंडोज ठेवावे की वॉल्व्ह कंपनीचे खेळांसाठीचे लिनक्स, म्हणजे स्टीमओएस, असे मला ओळखीतले लोक हल्ली बऱ्याचदा विचारतात आणि बहुतेकांना उत्तर एकाच आकड्यात हवे असते: कशावर जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रे) मिळतात? हातात धरून, बॅटरीवर खेळायच्या यंत्राबाबत सरासरी एफपीएस हा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी तुलना करायची असेल तर दोन्हीकडे चिपला मिळणारे वॉट सारखे बांधून घ्यावेत आणि मग फ्रेम किती सारख्या अंतराने येतात ते पाहावे.

माझ्याकडे एएमडीच्या झेड१ एक्स्ट्रीम प्रोसेसरचा, आसूस कंपनीचा हॅण्डहेल्ड आरओजी अ‍ॅलाय आहे आणि त्यावर विंडोज ११ व बझाइट अशा दोन्ही प्रणाली मी वापरतो. बझाइट ही फेडोरावर आधारलेली लिनक्स प्रणाली आहे. वॉल्व्हच्या स्टीम डेक या हॅण्डहेल्डवर दिसतो तोच गेमिंग मोड (फक्त खेळांसाठीचा पूर्ण पडदा) ती इतर यंत्रांवर आणते, त्यामुळे खेळाच्या अनुभवापुरती ती स्टीमओएसची सख्खी बहीण मानायला हरकत नाही. वॉल्व्हचे आजचे स्टीमओएस (तिसरी आवृत्ती) फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेकसोबत लोकांच्या हाती आले. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ते अधिकृतपणे बसवून मिळायला मात्र मे २०२५ मधला लिनोव्होचा लीजन गो एस यावा लागला.

वॉटांचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळे गणित तिथेच आहे. अशा यंत्रांत सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (चित्रे काढणारा भाग) एकाच चिपवर असतात आणि त्या चिपला ठरवून दिलेली वीज दोघांना वाटून घ्यावी लागते. अ‍ॅलाय चार्जरला जोडला असेल तर टर्बो मोडमध्ये ३० वॉटपर्यंत जातो, बॅटरीवर २५ वॉटपर्यंत. तेवढी वीज हाताशी असताना मागे चाललेली चारदोन कामे जाणवतही नाहीत. मर्यादा १५ वॉटांवर आणली की मात्र पार्श्वभूमीतल्या प्रत्येक कामाला लागणारी वीज थेट जीपीयूच्या वाट्यातून जाते. गेमिंग मोडमध्ये लिनक्सवर पूर्ण डेस्कटॉप चालूच होत नाही, गेमस्कोप नावाचा छोटा प्रोग्राम पडद्याचे सगळे काम पाहतो. म्हणूनच माझ्या यंत्रावर २५ वॉटांना दोन्ही प्रणाली जवळजवळ बरोबरीने चालतात, आणि १५ वॉटांवर बझाइट पुढे निघून जाते.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर भाषांतर होऊन चालतो, तर तो मंद व्हायला हवा, ही शंका रास्त आहे. वॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेला प्रोटॉन हा या भाषांतराचा पाया. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स (विंडोजवर खेळ जीपीयूला आज्ञा देतात ती पद्धत) ११ व त्याआधीच्या आवृत्त्यांच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या तशाच पद्धतीत बदलतो आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. या बदलाला थोडी किंमत पडतेच. पण ती भरून निघते, कारण लिनक्सवरचा एएमडीसाठीचा आरएडीव्ही ड्रायव्हर उत्तम आहे आणि वॉल्व्हने त्याच्या शेडर कंपायलरवर (शेडर म्हणजे चित्र रंगवणारे, जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम; कंपायलर ते तयार करतो) स्वतः खर्च केला आहे. विंडोजवर मात्र हॅण्डहेल्डचा ड्रायव्हर बहुधा यंत्र बनवणारी कंपनी देईल तेव्हा आणि देईल तो घ्यावा लागतो. त्यामुळे ‘लिनक्स जिंकले’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा नवा ड्रायव्हर जुन्या ड्रायव्हरपेक्षा सरस ठरलेला असतो. तुलना करणाऱ्याने दोन्ही आवृत्त्या नोंदवल्या नाहीत तर त्या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही.

आता फ्रेमच्या अंतराकडे येतो. साठ एफपीएसला दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, तिसाला ३३.३ आणि चाळीसला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशेबात ४० एफपीएस हे ३० आणि ६० यांच्या अगदी मध्यावर येते. म्हणूनच स्टीम डेकचा पडदा ४० हर्ट्झवर (सेकंदाला ४० वेळा ताजा होईल असा) नेऊन ४० फ्रेमवर खेळणे लोकांना इतके पसंत पडले. मँगोहड या साधनाचा, दोन फ्रेममधला वेळ दाखवणारा आलेख पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला की फरक डोळ्यांना दिसतो: रेघ सपाट असेल तर ४० वरही हात सुखावतो, आणि नव्या भागात शिरताच ती रेघ सुळक्यासारखी वर उडत असेल तर सरासरी साठ असूनही खेळ अडखळतो. यातले बरेच सुळके शेडर ऐन वेळी तयार होत असल्यामुळे येतात. स्टीम डेकचे हार्डवेअर सगळ्यांकडे सारखे असल्याने वॉल्व्ह तयार शेडर आधीच पाठवू शकते. विविध यंत्रांवर चालणाऱ्या विंडोजला ही सोय मिळायला बराच उशीर झाला.

एक सूचना इथल्या हवेसाठी. ठाण्यात मे महिन्यात दुपारी पंख्याखाली घेतलेले आकडे आणि रात्री एसीत घेतलेले आकडे शेजारी ठेवू नयेत. चिप तापली की वेग स्वतःहून उतरतो आणि दोष उगाच प्रणालीच्या माथी बसतो.

यंत्र झोपवणे आणि उठवणे कोणत्याच बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचणीत) येत नाही, पण माझ्या दृष्टीने ते निर्णायक आहे. मी ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बर लोकलने जातो. बसायला जागा मिळाली तर खेळायचे, तुर्भ्याला गर्दी वाढली की बटण दाबून यंत्र पिशवीत टाकायचे. बझाइटवर संध्याकाळी तेच बटण दाबले की त्याच लढाईत, त्याच पावलावर खेळ पुन्हा सुरू होतो. विंडोजच्या मॉडर्न स्टँडबायमध्ये झोपेतही पार्श्वभूमीतली कामे करण्याची मुभा असते, आणि तिथे अशी खात्री देता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायसोबत आलेल्या पूर्ण पडद्याच्या एक्सबॉक्स मोडने विंडोजचा भार बराच हलका केला आहे, ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे.

तरीही ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी विंडोजच ठेवायला सांगितले. तो व्हॅलोरंट खेळतो, आणि त्याचे व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (खेळातली फसवणूक पकडणारे सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइटचेही तेच. एपेक्स लेजेंड्सने तर आधी असलेला लिनक्सचा आधार २०२४ मध्ये काढून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतले खेळही लिनक्सवर डाउनलोड करून खेळता येत नाहीत, फक्त क्लाउडवरून चालतात. खेळ कितीही वेगाने चालला तरी हे अडथळे दूर होत नाहीत, म्हणून त्याच्या यंत्रात मी एवढाच बदल करून दिला की पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद करणे) लावले. यंत्र उठायला थोडा जास्त वेळ घेते, पण पिशवीत असताना बॅटरी उतरत नाही.