इथली माती गेली कुठे?

पहिली-दुसरीच्या मुलांना जमिनीतले खड्डे समजावताना मी व्याख्या सांगत नाही. खड्डा दिसला की एकच प्रश्न विचारते, "इथली माती गेली कुठे?" सहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न लगेच पकडता येतो. झाडासाठी आळं केलं, माती शेजारीच पडलेली दिसते. शाळेच्या भिंतीकडेच्या भुसभुशीत मातीत एक किडा नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे करून बसतो, त्याची मातीही डोक्यानं उडवून आजूबाजूला टाकलेली असते. मुंगी काठावर आली की पायाखालची माती घसरते आणि मुंगी थेट तळाशी. हे बघायला माझी मुलं तासभर उकिडवी बसतात, मीही बसते.

खरी मजा निघोजला येते. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळात रांजणखळगे आहेत. काही इतके खोल, की काठावरून डोकावताना मुलांचे हात मी घट्ट धरून ठेवते. पहिला अंदाज ठरलेला असतो, "बाई, जेसीबीनं काढलंय." मग मी विचारते, जेसीबीनं काढलं तर ढिगारा कुठंय? मुलं शोधतात. ढिगारा नाहीच. मात्र काही खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत गोटे दिसतात. पुराच्या पाण्यात भोवरा तयार होतो, कातळातल्या छोट्याशा खोलगट जागी गोटे अडकतात आणि गरगर फिरत कातळ घासत राहतात. हजारो पावसाळे. घासून निघालेला चुरा कुकडीतून घोड नदीत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, असा बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतो. वर्गात आल्यावर नकाशावर ही वाट बोटानं चालायला लावते. प्रत्येकाला आपलं बोट समुद्रापर्यंत न्यायचंच असतं.

आकाशातून दगड आदळून झालेलं लोणारचं विवर बुलढाण्यात, आम्हाला लांब. ते परातीत करतो. चाळलेली कोरडी काळी माती, वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर, आणि बाकावर उभं राहून सोडलेली गोटी. गोटी आदळली की खालची काळी माती उसळून पांढऱ्यावर पडते, खड्ड्याभोवती कडा उभी राहते. लोणारलाही विवराभोवती अशी उंचवट्याची कडा आहे. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. आमच्या गावठाणासकट शाळा, देऊळ, मळे सगळं त्यात मावेल, असं सांगितलं की मुलं गप्प होतात. नंतर कोणीतरी विचारतंच, "मग तो दगड कुठंय?" परातीतली गोटी शाबूत राहते. आकाशातून आलेला दगड मात्र प्रचंड वेगानं आदळतो, त्या उष्णतेत त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन जातो. त्यामुळे लोणारच्या तळाशी तो अख्खा पडलेला नाही.

हा पाठ मी शेततळ्यावर नेऊन थांबवते, आणि तिथे माझा आवाज बदलतो. शेततळ्याची माती चारी बाजूंच्या बांधावर असते, हे मुलं चटकन सांगतात. पण आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. पोहता येणारं माणूसही वर चढू शकत नाही. म्हणून मुलांना ओला प्लॅस्टिकचा तुकडा उतारावर ठेवून हातानं चाचपायला देते. हात सटकतो, ते त्यांना कळतं. कोणी आत पडलं तर आपण उतरायचं नाही, दोर किंवा रिकामा कॅन फेकायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, हे आम्ही मैदानात ओरडून पाठ करतो.

पालकांनो, तळ्याला कुंपण घाला. आणि आत, पाण्यापर्यंत पोचेल असा गाठी मारलेला दोर बांधाला पक्का बांधून सोडा. हे काम पावसाळ्यापूर्वी करा.