सव्वापाचची गाडी

एसटीचं पत्र दोन ओळींचं होतं. दक्षिण सोलापुरातल्या एका गावाची संध्याकाळची फेरी अपुऱ्या भारमानामुळं बंद करण्यात येत आहे. भारमान, म्हणजे आसनांच्या मानानं प्रवासी किती. प्रवासी संघटनेचं काम करताना हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय, की आता नुसता राग येतो. त्यांच्याकडं आकडा असतो, आमच्याकडं सह्या.

म्हणून यावेळी सह्या गोळा केल्याच नाहीत. आदल्या रात्री गावात मुक्कामाला गेलो आणि सकाळी साडेसहाच्या गाडीत वही घेऊन बसलो. आसनं 44. तिसऱ्या थांब्यालाच गाडी भरली, सोलापूर येईपर्यंत आकडा 61 वर गेला. त्यातल्या 38 अकरावी-बारावीच्या मुली. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, त्यामुळं पहाटे उठून त्या हीच गाडी धरतात. शेजारी एक आजी होत्या. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, तेव्हापासून त्यांचं दवाखान्याचं काम जरा वाढलंय, असं कंडक्टर हसत म्हणाला. आजींनी वहीत डोकावून विचारलं, "काय मोजायलाव?"

"माणसं."

"मला धरलाव का?"

धरलं होतं.

संध्याकाळी पाचलाच स्टँडवर जाऊन गाडीत बसलो. सव्वापाचला डबल बेल झाली तेव्हा आत मला धरून नऊ जण. म्हणजे पत्रातला आकडा खोटा नव्हता. हे मला कबूल करावं लागलं, आणि ते काही सुखाचं नव्हतं. पण मग सकाळचे 61 गेले कुठं? गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत उतरलो.

स्टँडाबाहेर जिथं वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाड्या लागतात, तिथं जाऊन थांबलो. साडेपाच वाजून गेले आणि मुली घोळक्यानं यायला लागल्या. सकाळचेच चेहरे.

"काका, प्रॅक्टिकल पाचला सुटतंय. तिथनं चालत यायला अर्धा तास. आम्ही येईपर्यंत गाडी गेलेली असतीय."

पास दप्तरात, आणि वडापला रोज 40 रुपये. ड्रायव्हरच्या शेजारी चौघी, मधल्या सीटवर सहा, मागं किती ते मला मोजता आलं नाही. महिन्याला हजाराच्या घरात जातात. एक मुलगी म्हणाली, "घरात म्हणतेत, एवढ्यात शिवणक्लास होतोय की गावातच." बाकीच्या हसल्या, ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आगारात वही उघडून बसलो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेड्यूलचा कागदच पुढ्यात ठेवला: तीच गाडी गावाहून परत येऊन पुढच्या फेरीला जाते, चाळीस मिनिटं सरकवली की पुढची फेरी सरकते आणि ड्रायव्हर-कंडक्टरचे तास ओव्हरटाइममध्ये जातात. आषाढीला पंढरपूरसाठी सगळ्या गाड्या इकडच्या तिकडं होतात, मग या पोरींसाठी चाळीस मिनिटं होत नाहीत का, असं मी बोलून गेलो. जरा जास्तच बोललो. ते काही बोलले नाहीत. वहीतली दोन्ही पानं पुन्हा वाचली, 61 खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागदावर 5.15 खोडून 5.55 लिहिलं. पंधरा दिवस, प्रायोगिक.

पहिल्याच संध्याकाळी गाडीत 53 जण होते. वडापवाल्यांनी दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही, तेही समजण्यासारखंय.

पाचव्या दिवशी पुढच्या फेरीच्या गावाहून फोन आला. बाई चांगल्याच तापल्या होत्या. "काका, आमची पावणेसातची आता साडेसातला येतीय. अंधारात फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालायचं का आमी? त्यांचं केलाव, आमचं काय?"

मी त्यांना विचारलं, सकाळी तुमच्याकडनं पहिली गाडी किती वाजता निघते?