तुम्ही विचारलंत म्हणून: या विचित्र रेस गाड्या वळतात तरी कशा?

नागपूरला हिंगणा रोडवर माझं व्हील अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम आहे. त्या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर, त्यामुळे बाहा नाहीतर फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या स्पर्धांसाठी गाड्या बनवणारी पोरं येतच राहतात, कधी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, मोजायला, कधी नुसतं बोलायला. आणि बोलता बोलता मोबाइल पुढे करतात, त्यात कुठली तरी सहा चाकांची नाहीतर मागे मोठा पंखा लावलेली गाडी असते, आणि प्रश्न ठरलेला, की भाऊ ही वळते कशी, आणि चांगली वळत होती तर मग बंद काहून पडली? एका कस्टमर काकांनी डेल्टाविंग नावाच्या, पुढे एकदम निमुळत्या रेस गाडीचा फोटो पाहिला तर म्हणाले, ही तर आपल्या ऑटोसारखी दिसून राहिली, वळणावर उलटत नाही का? सगळ्यांना तुकड्या-तुकड्यात सांगत आलोय, आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

माझं उत्तर टायरपासून सुरू होतं. बॉडी कशीही असो, गाडीला वळवणारा, थांबवणारा, पळवणारा सगळा जोर टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकलाय तेवढ्यातूनच येतो. आणि टायरचा एक स्वभाव आहे तो समजला की निम्मं काम झालं: टायरवरचा भार दुप्पट केला तर ग्रिप दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. म्हणजे वळताना आतल्या चाकावरचा भार निघून बाहेरच्या चाकावर गेला, की त्या जोडीची मिळून ग्रिप आधीपेक्षा कमी होते. आणि गाडी जड करून ग्रिप वाढवू म्हणाल तर ते वजनही वळवावं लागतंच, हातात काही येत नाही. रेसिंगमधली जवळजवळ प्रत्येक विचित्र गाडी या एका अडचणीवर कुणीतरी शोधलेला रस्ता आहे असं मी मानतो, आणि त्या गाड्यांवर कुणी हसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यामागे फार बारीक विचार असतो.

सहा चाकांची टिरेल पी३४ घ्या. डेरेक गार्डनर नावाच्या डिझायनरने बनवलेली, १९७६ आणि ७७ असे दोन सीझन फॉर्म्युला वनमध्ये धावली. पुढे चार छोटी चाकं, १० इंची, मागे नेहमीची दोन मोठी. लोकांना वाटतं जास्त चाकं म्हणजे जास्त ग्रिप एवढाच हिशोब असेल, पण सुरुवात हवेपासून झाली होती. पुढची मोठी चाकं वाऱ्यात उघडी राहतात, तिथे हवा अडते आणि लिफ्टही, म्हणजे गाडीला वर उचलणारा जोर, तयार होते, तर चाकं इतकी लहान करायची की ती नाकाच्या मागे लपतील. पण लहान टायर म्हणजे टेकणारी जागा कमी, ती भरून काढायला दोनाची चार केली. ब्रेक चांगले लागायचे, कॉर्नरमध्ये नाक चटकन आत जायचं. ड्रायव्हरला आपली पुढची चाकं दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला छोट्या पारदर्शक खिडक्या ठेवल्या होत्या, मला तो डिटेल फार आवडतो. पहिल्या रेसनंतर दीड महिन्याच्या आत स्वीडनला अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक देपाय्ये दुसरा, दोघेही सहा चाकांवर. त्या वर्षी चॅम्पियनशिपमध्येही शेक्टर तिसरा आणि देपाय्ये चौथा.

मग बिघडलं कुठे? टायरमध्येच. १० इंची टायर गुडइयर फक्त या एका टीमसाठी बनवायची, बाकी सगळ्या टीम नेहमीच्या साइझवर. साहजिकच मागच्या मोठ्या टायरचं डेव्हलपमेंट सगळ्या टीमच्या जोरावर पुढे जात राहिलं आणि पुढचे छोटे तिथेच थांबले. मागची ग्रिप वाढली आणि पुढची नाही वाढली की गाडी काय करेल? स्टिअरिंग वळवा, ती सरळच जायला बघेल. आपल्या इथे एखादा पोरगा दिसायला भारी म्हणून फक्त मागे रुंद टायर टाकून घेतो आणि महिन्याभराने सांगत येतो की वळणावर गाडी बाहेर निघून राहिली, कारण तेच. १९७७ मध्ये टिरेलने पुढच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवून पाहिलं, पण मग चाकं नाकाच्या आडून बाहेर आली, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच फायदा गेला. पुढे १९८३ पासून चारच चाकं असा नियमच आला. तोवर विल्यम्सने मागे चार चाकांची गाडी टेस्ट केली होती, ती रेसला उतरलीच नाही.

आता पंखेवाल्या. पोरं सगळ्यात जास्त यांच्याबद्दलच विचारतात आणि खरं सांगतो मलाही यांच्याबद्दलच बोलायला सगळ्यात जास्त आवडतं. वर म्हटलं तसं वजन न वाढवता टायर दाबायचा असेल तर हवेने दाबायचा. विंग, म्हणजे गाडीवरचा पंख, ते करते, पण विंगचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, १२० च्या स्पीडला जेवढा दाब असेल त्याचा ६० ला फक्त चौथा हिस्सा उरतो, म्हणजे हळू वळणात, जिथे गाडीला मदत हवी, तिथे विंग जवळपास झोपलेली. अमेरिकेत टेक्सासच्या जिम हॉलने १९७० मध्ये कॅन-अॅम या अमेरिका-कॅनडातल्या रेस मालिकेसाठी शॅपरल २जे काढली, मागे दोन पंखे, आणि ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिलचं वेगळं टू-स्ट्रोक इंजिन. गाडीच्या खालच्या कडेने लेक्सान या मजबूत प्लास्टिकचे स्कर्ट, म्हणजे पडद्यासारख्या पट्ट्या, जमिनीला जवळजवळ टेकतील असे, सस्पेन्शनला जोडलेले, म्हणजे गाडी वरखाली झाली तरी खालची फट तेवढीच राहायची. पंखे खालची हवा ओढून मागे फेकायचे आणि बाहेरच्या हवेचा दाब गाडीला जमिनीवर दाबून धरायचा.

इथे हँडलिंगचा मुद्दा नीट समजून घ्या. पंख्यांचं इंजिन वेगळं असल्यामुळे गाडी किती वेगात आहे याच्याशी त्या दाबाचा संबंधच नाही, यू-टर्नसारख्या वळणातही तेवढाच दाब. ड्रायव्हरने आयुष्यभर जे शिकलंय, की हळू वळणात गाडी घसरणार, ते सगळं इथे विसरावं लागतं. वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्टुअर्टने ती चालवली आणि रेसमधला सगळ्यात फास्ट लॅप मारला, नंतर विक एल्फर्डने रोड अटलांटा, लगूना सेका आणि रिव्हरसाइड अशा तीन ठिकाणी पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली. रेस एकही जिंकली नाही, कारण काही ना काही तुटतच राहिलं, दोन इंजिनं म्हणजे बिघडायला दोन जागा. आणि सीझन संपल्यावर नियमाने बंद.

आठ वर्षांनी डिझायनर गॉर्डन मरेने तीच गोष्ट ब्रॅबम टीमच्या बीटी४६बी गाडीत फॉर्म्युला वनला आणली. त्यांची अडचण अशी, की लोटसने तोवर गाडीच्या पोटाखाली व्हेंचुरी टनेल, म्हणजे हवा वेगाने जाईल असे बोगदे, काढून ग्राउंड इफेक्ट, म्हणजे गाडी खाली खेचणारा दाब, मिळवला होता, आणि ब्रॅबमकडे अल्फा रोमिओचं फ्लॅट-१२ इंजिन, म्हणजे आडवं पसरलेलं, टनेलला जागाच नाही. म्हणून पंखा. नियमात हवेचा दाब मिळवायला हलणारे भाग चालत नव्हते, यांनी सांगितलं पंखा रेडिएटर थंड करायला आहे, आणि त्याचं ते कामही होतंच. १९७८, पुन्हा तेच अँडरस्टॉर्प, निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. ट्रॅकवर ऑइल सांडलं होतं, बाकीचे जपून जात होते आणि ही गाडी तिथूनही तशीच निघून जायची. बाकीच्या टीमनी एवढा गोंधळ घातला की ब्रॅबमने ती त्या एका रेसनंतर मागे घेतली, विजय मात्र कायम राहिला.

पण या पंख्यात आणि शॅपरलच्या पंख्यात एक मोठा फरक आहे, आणि व्हिडिओवाले तो सहसा सांगत नाहीत. ब्रॅबमचा पंखा गिअरबॉक्सकडून फिरायचा, म्हणजे इंजिनचे आरपीएम तसा दाब. उभ्या गाडीत रेस दिली तरी ती खाली बसायची. आता विचार करा, वळणात गाडी थोडी सुटतेय असं वाटलं तर आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. या गाडीत पाय उठवला की पंखा मंद, पंखा मंद की दाब कमी, म्हणजे भीती वाटली म्हणून जे कराल त्यानेच गाडी अजून सुटणार. पाय दाबूनच ठेवायचा! हे शरीराला शिकवणं किती अवघड असेल, आणि लाउडाने ते रेसमध्ये करून दाखवलं याचं मला आजही नवल वाटतं. पंख्याची कल्पना मेली नाहीये हेही सांगतो, २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढाच्या ट्रॅकवर मॅक्स चिल्टनने मॅकमर्ट्रीच्या इलेक्ट्रिक पंखेवाल्या गाडीत ३९.०८ सेकंदांचा रेकॉर्ड केला.

आता काकांचा ऑटो. डेल्टाविंग बेन बोल्बीने डिझाइन केली, २०१२ च्या ल मानला, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसला, निसानच्या नावाने धावली. पुढची दोन चाकं एकमेकांपासून जेमतेम ०.६ मीटरवर, मागची १.७ मीटरवर, पुढचे टायर फक्त ४ इंच रुंद. वजन ४७५ किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटर टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, म्हणजे तिथल्या मोठ्या गाड्यांच्या साधारण निम्म्यावरच सगळं. ऑटो उलटतो कारण तो उंच आहे, मागच्या दोन चाकांमधलं अंतर कमी आहे आणि पुढे एकच चाक. वळताना ब्रेक मारला की भार पुढे सरकतो, आणि पुढे आधाराला रुंदीच नसते. डेल्टाविंगमध्ये सगळं जड सामान जमिनीलगत आणि मागच्या रुंद एक्सलच्या अगदी जवळ, जवळजवळ ७२ टक्के वजन मागे. त्यामुळे उलटायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी आधी टायर घसरतील.

बरं, मग ४ इंची टायरवर ती वळते कशी? प्रत्येक एक्सलला तेवढाच आडवा जोर द्यावा लागतो जेवढं वजन त्याच्यावर आहे. पुढे २८ टक्के वजन, तर पुढच्या टायरला २८ टक्केच काम. टायरची रुंदी त्या हिशोबात बसवली की गाडी बॅलन्स. दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. पुढचा भाग इतका अरुंद की बॉडी रोल, म्हणजे वळताना गाडीचं एका बाजूला झुकणं, रोखायचं काम तो करूच शकत नाही, ते सगळं मागच्या रुंद चाकांवर. म्हणजे वळताना पुढच्या दोन चाकांवरचा भार जवळपास सारखाच राहतो, आणि सारख्या भाराच्या जोडीला ग्रिप जास्त मिळते हे वर सांगितलंच. ते छोटे टायर आपली पूर्ण ताकद वापरू शकतात. ब्रेकिंगलाही तेच, नेहमीच्या गाडीत भार पुढे पळतो आणि मागची चाकं हलकी पडतात, इथे भार पुढे आला तरी मागे भरपूर उरतो, चारही चाकं थांबवायला मदत करतात. ल मानला तिला दुसऱ्या एका गाडीचा धक्का लागला आणि ती भिंतीला जाऊन थांबली, सातोशी मोतोयामा एकटाच ट्रॅकच्या कडेला कितीतरी वेळ ती दुरुस्त करायला झटत होता. त्याच वर्षी अमेरिकेत पेटिट ल मानला हीच गाडी सगळ्यांत मिळून पाचवी आली. म्हणून ही फसलेली गाडी आहे असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

फसली ती बोल्बीचीच पुढची, २०१५ ची निसान जीटी-आर एलएम. इंजिन पुढे, ड्राइव्हही पुढच्या चाकांना, पुढे रुंद टायर, मागे अरुंद. हवेच्या हिशोबाने विचार चांगला होता, पण पुढच्या टायरला ओढायचंही, वळायचंही आणि थांबवायचंही. त्यात हायब्रिड सिस्टीम चाललीच नाही, मग ब्रेकिंगची जी ऊर्जा तिने घ्यायची ती सगळी ब्रेकवर. तीन गाड्या उतरल्या, एक शेवटपर्यंत चालत राहिली पण पुरेसं अंतर न झाल्याने निकालात धरली गेली नाही.

हे सगळं ऐकून पोरं विचारतात, भाऊ मग आम्ही काय करू? पंखा लावता येत नाही, फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात खालची हवा पॉवरने ओढायला मनाई आहे, फक्त कूलिंगचा पंखा चालतो. सहा चाकंही नाहीत. डेल्टाचा आकारही नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरांपैकी लहान अंतर मोठ्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. पण डेल्टाविंगमधली जी खरी गोष्ट आहे, रोल रोखायचं काम पुढे किती आणि मागे किती, ती कुठल्याही नियमाने अडवलेली नाही. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणारा दांडा, थोडा सॉफ्ट करा, मागचा थोडा टाइट, मग जमिनीवर एक शंकू ठेवून त्याच्याभोवती गोल फिरून या आणि दर फेरीनंतर चारही टायरचं टेम्परेचर आत, मध्ये, बाहेर असं लिहून ठेवा. फक्त मे महिन्यात दुपारी नका करू, आपल्या सिमेंट रोडवर आणि ४५ डिग्रीत ते आकडे काहीही सांगतील, सकाळी सहाला या, मी शटर उघडून ठेवतो.