मुंबईतली ठिकाणं वॉर्डांत बसवताना: माझा अनुभव

हाताशी दोन फाइली होत्या. एक एक्सेल यादी, पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची: हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे वगैरे, प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश. दुसरी, वॉर्डांच्या सीमांची शेपफाइल, म्हणजे नकाशावरचे आकार साठवणारी फाइल. ही प्रशासकीय विभागांची (जी उत्तर, टी अशा नावांच्या) आहे की २२७ निवडणूक प्रभागांची, ते आधीच बघून घ्यावं. कुठलं ठिकाण कुठल्या वॉर्डात, एवढाच प्रश्न. पायथन भाषेतल्या जिओपांडाज या नकाशांच्या लायब्ररीने तो एका ओळीत सुटतो. वेळ जातो तो त्या ओळीच्या आधी आणि नंतर.

आधी आकडे साफ करायचे. एखाद्या आकड्याला अंशाचं चिन्ह किंवा स्वल्पविराम चिकटलेला असला की अख्खा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतलं मजकुराचे आकडे करणारं टू-न्यूमेरिक, त्याच्या एरर्स या पर्यायाला कोअर्स देऊन, चालवलं की न वाचता आलेल्या जागा रिकाम्या होतात. त्या ओळी डोळ्यांनी तपासायच्या. मग चौकट लावायची: अक्षांश १८.८ ते १९.३, रेखांश ७२.७ ते ७३. बाहेर काही गेलं तर बहुधा कॉलमांची अदलाबदल झालेली असते. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण बिंदू बनवताना एक्सच्या जागी रेखांश लागतो. उलट दिलं तर दादर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडतं आणि कोड चकार शब्द काढत नाही.

पुढचा घोळ सीआरएसचा, म्हणजे आकडे कुठल्या निर्देशक प्रणालीत मोजलेत त्याचा. मोबाइलवरचे बिंदू ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या प्रणालीत, म्हणजे अंशांत असतात. शेपफाइल मात्र पुष्कळदा यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे ३२६४३ मध्ये, मीटरमध्ये मिळते. तिच्या टोटल-बाउंड्समध्ये, म्हणजे चारी टोकांच्या आकड्यांत, ७२ आणि १९ ऐवजी लाखांतले आकडे दिसले की ओळखावं. प्रणाली नोंदवणारी सोबतची पीआरजे फाइल हरवली असेल तर सेट-सीआरएसने खरी प्रणाली सांगायची आणि मगच टू-सीआरएसने बदलायची. सेट-सीआरएस नुसतं लेबल चिकटवतं, आकड्यांना हात लावत नाही. मीटरमधल्या फाइलवर ४३२६ चं लेबल मारलं तर सूचनाही येत नाही, आणि एकही बिंदू कुठल्याच वॉर्डात सापडत नाही.

वॉर्डांच्या फाइलमधले सदोष बहुभुज (सीमांचे आकार) इझ-व्हॅलिडने शोधून मेक-व्हॅलिडने दुरुस्त करावेत. आकाराभोवती शून्य रुंदीचा पट्टा काढून तो दुरुस्त करायची, बफर शून्यची जुनी युक्ती स्वतःलाच छेदणाऱ्या आकाराचा एखादा तुकडा गिळून टाकते, म्हणून मी ती टाळतो.

आता ती ओळ: एसजॉइन, म्हणजे जागेवरून दोन तक्ते जोडणं; डावीकडे बिंदू, उजवीकडे वॉर्ड. हाऊ हा पर्याय आवर्जून लेफ्ट द्यावा, म्हणजे सगळे बिंदू राहतात; काहीच न दिल्यास लागू होणाऱ्या इनरमध्ये न जुळलेले बिंदू गुपचूप गळतात. प्रेडिकेट, म्हणजे जुळण्याची अट, विदिन (आत) दिलं तर नेमका रेषेवरचा बिंदू कुठेच येत नाही, इंटरसेक्ट्स (स्पर्श झाला तरी चालेल) दिलं तर दोन्ही वॉर्डांत येतो. खरं तर नेमका रेषेवर बिंदू क्वचितच असतो. जास्त छळतात त्या शेजारच्या वॉर्डांच्या रेषांमधल्या बारीक फटी आणि एकमेकांवर चढलेल्या पट्ट्या. म्हणून निकालात दोनदा आलेले आणि रिकामे, असे दोन्ही बिंदू मोजायचे.

रिकाम्यांत किनाऱ्यावरचे बरेच निघतात. जुन्या सीमाफाइलींत कोस्टल रोडसाठी भराव टाकलेली जमीन नसते, त्यामुळे वरळीतला बिंदू कोडच्या लेखी समुद्रात असतो. अशांसाठी दोन्ही थर ३२६४३ मध्ये नेऊन सर्वांत जवळचा वॉर्ड देणारं एसजॉइन-निअरेस्ट वापरायचं. त्यातलं मॅक्स-डिस्टन्स, म्हणजे शोधाचं कमाल अंतर, भरावाच्या रुंदीइतकं ठेवायचं; मोकळं सोडलं तर ठाण्याचा बिंदूही मुलुंडच्या टी वॉर्डात घुसतो.

दादरला रुळांच्या पश्चिमेला जी उत्तर वॉर्ड, पूर्वेला एफ उत्तर. अक्षांश-रेखांशाची नोंद तीनच दशांश स्थळांची असेल, तर एका पायरीची रुंदी शंभरेक मीटर होते. टिळक पुलाजवळचा बिंदू कुठल्याही बाजूला पडू शकतो. इथे कोडची हुशारी चालत नाही. सीमेपासून पन्नास मीटरच्या आतले सगळे बिंदू मी वेगळ्या कॉलममध्ये खूण करून ठेवतो आणि यादी देणाऱ्याकडून पत्ता मागवतो.