जुलाबामागचा जंतू शोधताना: माझा अनुभव

पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबात रोग करणारे ई. कोलाय जंतू शोधणं, हा माझ्या एमडीच्या प्रबंधाचा विषय. ई. कोलाय तर प्रत्येक धडधाकट मुलाच्या आतड्यात असतोच. १८८५ साली बालरोगतज्ज्ञ एशेरिश यांनी त्याचं वर्णन केलं तेही तान्ह्या बाळांच्या शौचावरून. त्यामुळे नुसता ई. कोलाय सापडला यावरून काहीच ठरत नाही; कोणता सापडला ते बघावं लागतं.

निम्मं काम वॉर्डातच होतं. नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा हवा. पातळ शी डायपरमध्ये पार शोषली जाते, म्हणून आयांना आतून प्लॅस्टिक लावायला सांगायचे. आव किंवा रक्त दिसेल तोच भाग उचलायचा. आमांशाचा जंतू शिगेला फार नाजूक, नमुना तसाच पडून राहिला की मरतो. दोन तासांत लॅबमध्ये पोचवणं जमणार नसेल, तर स्वॅब जंतूंना वाटेत जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घालायचा. हे रात्रपाळीतल्या सिस्टर्सनी मनापासून सांभाळलं, आणि माझ्या मते प्रबंध उभा राहिला तो त्यांच्यामुळे.

लॅबमध्ये जंतू प्लेटवर, म्हणजे त्यांचं खाद्य असलेल्या बशीत, वाढवतो. तिथे बाकीचे जंतू निदान रंगाची खूण तरी दाखवतात. एक्सएलडी नावाच्या प्लेटवर शिगेला लाल, साल्मोनेला लालच पण मधोमध काळा. टीसीबीएसवर कॉलऱ्याचा जंतू पिवळा. मॅकॉन्कीची प्लेट मात्र सकाळी उजेडात धरली की ई. कोलायच्या गुलाबी, चपट्या, कोरड्या कॉलन्यांची, म्हणजे जंतूंच्या ठिपक्यांची, दाटी दिसते. त्यात रोग करणारी कोणती आणि निरुपद्रवी कोणती, हे नजरेला कळत नाही. एकच कॉलनी उचलली तर नेमकी निरुपद्रवी हाती येऊ शकते, म्हणून प्रत्येक प्लेटवरून चार-पाच घ्यायचे. त्या पाण्यात उकळून, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी पीसीआरला, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखणाऱ्या तपासणीला.

पीसीआरमध्ये जंतूपेक्षा त्याची हत्यारं शोधतो. एलटी किंवा एसटी या विषांचं जनुक मिळालं तर ईटीईसी हा ई. कोलायचा प्रकार. ईएई जनुक मिळालं, शिगा-विषाचं नाही, तर ईपीईसी हा प्रकार. आयपीएएच जनुक मिळालं तर ईआयईसी. पण तेच जनुक शिगेलातही असतं, तिथे पुन्हा बायोकेमिकल टेस्ट आणि सिरॉलॉजीकडे वळावं लागतं. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे जंतू न घातलेल्या नळीत, जेलवर पुसटसा जरी बँड (जनुकाची पट्टी) दिसला, तरी अख्खी बॅच पुन्हा लावायची. त्यात तडजोड नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते जुलाब नसलेल्या मुलांच्या नमुन्यांनी. ईएईसी हा ई. कोलायचा आणखी एक प्रकार त्यांच्यातही निघतो. शिवाय एकाच आजारी मुलात दोन-तीन जंतू सापडतात, सोबत रोटाव्हायरसही असू शकतो. म्हणून मी अहवालात ‘आढळला’ एवढंच लिहायचे, ‘यामुळेच जुलाब’ असं नाही. ओआरएस आणि झिंक तर आमच्या निकालासाठी थांबत नाहीत, थांबूही नयेत.

एका निकालाला मात्र छापील अहवालाची वाट बघायची नाही. शिगा-विषाचं जनुक, विशेषतः एसटीएक्स२, दिसलं की जेल बघता बघता वॉर्डात फोन करायचे: अँटिबायोटिक देण्याआधी सरांशी बोला, जुलाब थांबवणारं औषध नको, लघवी किती होतेय ते लिहून ठेवा, प्लेटलेट आणि क्रिएटिनिनसाठी रक्त पाठवा. जुलाब ओसरत असतानाच अशा मुलाची किडनी निकामी होऊ शकते.